तीन चांदण्यांचं पान

तेरखेडा,
४ जुलै २०२५

अनिसा,

वर सलाम लिहिलेला नाही. विसरलो नाही, मुद्दाम लिहिलेला नाही.

गजराबाईला बंगळुरूहून पाकिटं कशाला येतात, एवढं विचारायला हे पत्र. जी बाई सहीच्या जागी अंगठा उठवते, जिचे पाहुणेरावळे वाशी-कळंबच्या पलीकडे कधी गेले नाहीत, तिला उन्हाळ्यापासून बंगळुरूची पाकिटं येताहेत. गोरोबा पोस्टमन चहा पिता पिता सहज बोलून गेला, "मालक, गजराबाईचं कोन असतंय वो बंगळुरात?" मी म्हटलं, असेल कुणीतरी. पण पुढचा चहा तसाच कपात राहिला. आपल्या ओळखीपाळखीतलं बंगळुरूला गेलेलं माणूस एकच, आणि ते आपल्याच घरातलं.

गजराबाईला विचारलं, तर म्हणते, "गुडघ्याचं औषद हाय." इतकं चपटं औषध मी आजवर पाहिलेलं नाही. ही बाई आपल्याकडे फटाक्यांच्या कागदी नळ्या वळायला लागली तेव्हा तू झोळीत होतीस. तिला खोटं बोलता येत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. बोलताना ती माझ्याकडे न बघता खळीच्या पातेल्याकडे बघत होती.

आता मुद्द्याचं. फटाक्यांच्या कारखान्याचा परवाना अब्बांच्या नावावर आहे आणि यंदा तो नवा करून घ्यायचा आहे. कागद तयार आहेत, फक्त अब्बांची सही हवी. बकरी ईदपासून मी कागद पुढे करतो आणि अब्बा म्हणतात, "बघू." माझ्या कुठल्याही कागदाला त्यांनी आजवर बघू म्हटलेलं नव्हतं. पाकिटं सुरू झाली आणि बघू सुरू झालं. मला यातलं काही कळत नाही, असं समजू नकोस.

सप्टेंबरच्या आत सही झाली नाही तर दिवाळी गेली. दिवाळी गेली की कारखाना गेला, कारण एकदा तुटलेली गिऱ्हाइकं परत फिरून येत नाहीत. मग नळ्या वळणाऱ्या बायांनी वर्षभर काय करायचं, ते तूच त्यांना येऊन सांग.

सहा वर्षांपूर्वी तू ईदला आलीस, शेडमधून फिरलीस, माझ्याशी कडाकडा भांडलीस आणि जेवणाच्या ताटावरून उठून गेलीस. आठवड्याच्या आत साहेबलोक जीप घेऊन आले आणि कारखान्याला काही महिने कुलूप लागलं. निनावी अर्ज होता म्हणे. अर्ज अगदी शुद्ध मराठीत लिहिलाय, असं त्यांच्या कचेरीतला कारकून मला म्हणाला. आपल्या घरात शुद्ध मराठी कोणाची, ते तेव्हाही मला कुणी सांगायची गरज पडली नाही.

तुमच्या कंपनीचं रॉकेट टीव्हीवर दाखवलं होतं. त्याचा खालचा टप्पा सुटतो, तो सोडवणारे बारके स्फोट म्हणजे तुझं काम, असं तुझी भाभी जास्मिन मोठ्या कौतुकानं शेजारणींना सांगत होती. म्हणजे दारूच की! आमची ती धोकादायक आणि तुझी ती विज्ञान, एवढाच काय तो फरक.

फोन करत नाही, कारण फोनवर तू एकतर रडतेस नाहीतर जिंकतेस. उत्तर लिहून पाठव. गजराबाईच्या नव्हे, माझ्या पत्त्यावर पाठव.

अबुजर


तेरखेडा,
२१ जुलै

अनिसा,

उत्तर मिळालं. पाकीट आधीच उघडून परत चिकटवलंय का, ते मी उजेडात धरून पाहिलं. तसं दिसलं नाही.

"भाईजान, सहीबद्दल मी अब्बांशी एक शब्दही बोललेले नाही. पाकिटांत फक्त गोष्टी आहेत. बाकी अब्बांनाच विचारा." एवढंच लिहिलंस. गोष्टी! ऐंशीच्या घरातला म्हातारा, आणि त्याला बंगळुरूहून लपूनछपून गोष्टी येतात. तुझ्या जागी मी असतो तर याहून बरी थाप शोधली असती.

कुठल्या गोष्टी, ते मात्र लिहायची गरज नव्हती. ते मला लगेच कळलं आणि त्याचाच जास्त राग आला.

नळ्यांच्या शेडमध्ये अब्बांनी रेडिओ कधी येऊ दिला नाही. ठिणगी नको म्हणून काचेचा दिवा नाही, लोखंडी डबा नाही, बायांच्या पायांत जोडवीसुद्धा नाहीत. दिवसभर नुसता कागद वळायचा आवाज. म्हणून मग वाचायला तू. बार्शीहून रद्दी यायची, तिच्यात जुनी मासिकं, जुने दिवाळी अंक. ते फाडून त्यांच्या नळ्या व्हायच्या आधी तू पालथ्या टोपलीवर उभी राहून त्यातल्या गोष्टी मोठ्यानं वाचायचीस. तुला राजाराणीची गोष्ट दिली तर नाक मुरडायचीस. तुला यान लागायचं. चंद्रावरचं गाव, गुरूच्या चंद्रावर हरवलेली माणसं, भाजी निवडणारा यंत्रमानव. शुक्रावर घनदाट जंगल आणि बारा महिने पाऊस, असं एका गोष्टीत होतं, तेव्हा गजराबाई म्हणाली होती, "बघा, तिकडं लई पाऊस, अन् हितं आमचा आडबी आटून गेला." पुढे तू कॉलेजातून आलीस आणि सांगितलंस, की शुक्र म्हणजे धगधगती भट्टी आहे, तिथं जंगल नाही अन् पाऊस पडला तरी तो तेजाबाचा. गजराबाई तुझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मलाही तू ते सांगायला नको होतंस, असं वाटलं होतं. ज्यांनी लिहिलं त्यांना काही माहीत नव्हतं, पण त्यांच्या शुक्रावर जाऊन राहावंसं वाटायचं. तुमच्या आताच्या खऱ्या शुक्रावर कोण जाणार?

आणि शेवटचं पान. आधी असायचं, मग एका वर्षापासून नसायला लागलं. कोणत्या वर्षापासून, ते तुला माहीत आहे, मी लिहिणार नाही. गोष्ट ऐन रंगात यायची आणि पुढचं पानच गायब. मग अब्बा दारात उभे राहून शेवट सांगायचे. दर वेळी तोच, "यान परत आलं, सगळे सुखरूप उतरले, घरी गेले अन् बसून भाकरी खाल्ली." मंगळ असो की गुरू, भाकरी ठरलेली. बाया हसून लोटपोट व्हायच्या.

ती पानं तू चोरतेस, अशी मला खात्री होती. एकटीनं वाचायला. तुला वाटायचं, मी चोरतो. त्यावरून आपण एकमेकांच्या झिंज्या उपटल्यात. अजूनही ती तूच चोरलीस असं मला वाटतं, आणि आता तीच तू काढून अब्बांना पाठवतेयस. कशासाठी, ते मी शोधून काढणार आहे.

अबुजर


तेरखेडा,
१३ ऑगस्ट

अनिसा,

शोधून काढलं. निम्मं.

दुपारच्या जेवणानंतर अब्बा म्हणतात, पाय मोकळे करून येतो. या गुडघ्यांनी पाय कसले मोकळे करतात, म्हणून आज मागोमाग गेलो. तुला हसू येत असेल तर येऊ दे. स्वतःच्या बापामागे चोरासारखं जाताना मलाही बरं वाटत नव्हतं. मशिदीपाशी दोघातिघांनी हटकलं, त्यांना सांगितलं की शेळी सुटलीय.

अब्बा गजराबाईच्या घरात गेले. मी मागच्या खिडकीखाली उभा राहिलो. आत कोणीतरी वाचत होतं. आवाज ओळखीचा वाटला. ती जास्मिन होती. माझी बायको! मला म्हणाली होती, शिवणाच्या बाईकडे जाते.

जास्मिन वाचत होती, "आणि ढगांचा पडदा फाटून खाली निळी पृथ्वी दिसली. बाबूरावांचे डोळे भरून आले. काही वेळातच यानाने जमिनीला पाय टेकले." मग ती थांबली. गजराबाईनं विचारलं, "उतरले व्हय गं? समदे?"

"सगळे," जास्मिन म्हणाली.

"त्यो लंगडाबी?"

"तोपण."

मग अब्बांचा आवाज आला. आपल्या बोलीत एवढंच म्हणाले, "ये भी आ गये." हेही आले.  मी टाचा उंच करून आत पाहिलं. अब्बा भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांनी उपरण्यानं तोंड झाकून घेतलं होतं.

मी तसाच घरी आलो. जास्मिन आल्यावर तिला विचारलं, ब्लाउज झाला का? म्हणाली, बाई घरी नव्हती.  तिच्या पिशवीत मी हात घातला, तर झेरॉक्स केलेली सुटी पानं निघाली. प्रत्येकावर फक्त एखाद्या गोष्टीचा शेवट, आणि प्रत्येकाच्या खाली त्या जुन्या मासिकांतल्यासारख्या तीन चांदण्या छापलेल्या. एकालाही सुरुवात नाही.

अनिसा, यात काहीतरी आहे. नुसते शेवट कोण पाठवतं? म्हाताऱ्या माणसाला आधी रडवायचं, मऊ करायचं, आणि मग एक दिवस म्हणायचं, अब्बा, आता कारखान्याचाही शेवट करा, असं तर नाही ना तुझ्या मनात? माझी बायको, माझा बाप, माझी सगळ्यात जुनी कामगार, सगळे तुझ्या बाजूला. या घरात माझं कोण उरलं?

हे वाक्य लिहायला नको होतं. खोडलं तर तू खोडलेलं वाचशील, म्हणून राहू देतो.

अबुजर


तेरखेडा,
३० ऑगस्ट

अनिसा,

सलाम.

काल मी अब्बांना सरळ विचारलं. गणपतीसाठी दोघीतिघी बाया रजेवर होत्या, बाकीच्या जेवायला गेल्या होत्या, शेड रिकामी होती. मी ती पानं त्यांच्यापुढे टाकली आणि म्हणालो, हे काय चाललंय, मला कळलं पाहिजे. त्यांना राग येईल असं वाटलं होतं. ते नळ्यांच्या ढिगाला टेकून खाली बसले आणि मलाही बस म्हणाले.

ते आपल्या बोलीत बोलले, मी मराठीत लिहितो. आपण दोघं मराठी शाळेतले, मला दुसरं लिहिता येत नाही.

"अबू, आपल्या धंद्यात वर गेलेलं काय परत येतं?"

मी म्हणालो, "काडी."

"हौ. बाणाची काडी येते. तीबी जळालेली. मी आयुष्यभर दुसरं काही परत आलेलं पाहिलं नाही. अन् तुझी बहीण वाचायची, की माणसं दारूवर बसली अन् वर गेली. मी दारूवाला. दारूवर बसलेल्याचं काय होतं, ते मला पुस्तकात बघायची काय गरज?"

मला अजून कळेना. मग ते अम्माबद्दल बोलले. अनिसा, ते अम्माबद्दल बोलले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून तिचं नाव ऐकलेलं नाही.

त्या दिवशी तू मंगळावरच्या विहिरीची गोष्ट वाचत होतीस. चौघं मंगळावर अडकलेत, यानाचं इंधन गळून गेलंय आणि पाण्यासाठी ते विहीर खणतात. खाली उतरलेल्या माणसाला कसला तरी आवाज येतो. तिथवर आलीस तेव्हा दारूच्या खोलीतून निरोप आला, की वाळलेल्या नळ्या पाठवा. अम्मा पाटी उचलून उठली आणि दारातून तुला म्हणाली, "अन्नू, मी आल्याशिवाय शेवट वाचू नको." मी तिथंच होतो, खळ ढवळत होतो. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही आणि आताही पुढचं लिहिणार नाही. दारूच्या खोलीतला तो आवाज तूही ऐकलास.

अब्बा म्हणाले, "तिचा चाळिसावा दिवस झाला, शेड परत उघडली. बाया मुक्यानं काम करायला लागल्या. ते बघवेना, म्हणून मीच अनिसाला म्हटलं, वाच. ती पुन्हा वर जाणाऱ्यांच्या गोष्टी वाचायला लागली. मला वाटलं, आता हे सगळे मरणार. अन् ही पोरगी त्यांचं मरण रोज मोठ्यानं वाचणार, तिच्या आईच्या जागेवर उभं राहून. म्हणून कारखाना उघडायच्या आधी मी रद्दी चाळायचो. मराठी मला वाचता येत नाही. पण जिथं तीन चांदण्या छापल्यात, तिथं गोष्ट संपते, एवढं बघून बघून कळलं होतं. ते पान फाडायचो अन् दारू भरायच्या नळ्यांत टाकून द्यायचो."

म्हणजे ती पानं आपण दोघांपैकी कोणीच चोरली नव्हती. सगळे शेवट जिल्हाभरच्या लग्नांत आणि उरुसांत फुटून गेले.

"एकही न वाचता?" मी विचारलं.

"एकही नाही. शेवट मला माहीत होता ना."

या वर्षी दुकानदार गौरीशंकरच्या मुलानं त्यांना दुकानात मोबाईलवर काहीतरी दाखवलं. आकाशातून एक कुपी छत्रीनं समुद्रात उतरली, तिचं दार उघडलं आणि आतून माणसं हसत बाहेर आली. अब्बांनी तीन वेळा विचारलं म्हणे, हे नाटक आहे की खरं? ते खरं आहे कळल्यावर त्यांना झोप लागेना. मग गजराबाईच्या फोनवरून त्यांनी तुला विचारलं, त्या गोष्टींतल्या माणसांचं खरं काय झालं? तू म्हणालीस, शोधून पाठवते. हे तू मला पहिल्याच पत्रात लिहू शकली असतीस. "अब्बांनाच विचारा" म्हणालीस. ठीक आहे, विचारलं.

"अबू," ते म्हणाले, "जवळजवळ सगळे परत आलेत रे. काही नाही आले. पण जवळजवळ सगळे. भाकरी खाल्ली असं कुणी लिहिलं नाही, पण घरी गेले. मी उगीच फाडले."

माझा बाप माझ्यासमोर असं बोलत होता आणि मला त्याच्या पाठीवर हात ठेवता आला नाही. आपल्यात तशी पद्धतच नाही. मी उठून त्यांच्यासाठी पाणी आणलं.

सहीचं मात्र विचारायचं राहिलं. ते विचारणार आहे.

अबुजर


तेरखेडा,
१० सप्टेंबर

अनिसा, सलाम.

हे पत्र वाचून तू हसणार, हे मला दिसतंय. हस.

काल जेवताना मी अब्बांना म्हणालो, गोष्टींचं कळलं, आता सहीचं सांगा. अनिसानं काय सांगितलंय तुम्हाला?

"तिनं काही नाही सांगितलं."

"सहा वर्षांपूर्वीही तिनंच अर्ज केला होता. मला सगळं ठाऊक आहे."

अब्बांनी घास खाली ठेवला. जास्मिन चुलीपाशी होती. तव्यावरची भाकरी उलटत, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "अर्ज मी लिहिला होता."

"मी सांगितला, तिनं लिहिला," अब्बा म्हणाले.

मला आधी शब्दच समजले नाहीत. जास्मिन बारावीपर्यंत येडशीला शिकलेली आहे, तिचं अक्षर मोत्यासारखं आहे, आणि शुद्ध मराठी म्हटल्यावर इतक्या वर्षांत मला ती एकदाही आठवली नाही. घरात जिच्या हातचं जेवतो तिच्यावर संशय आला नाही. साडेसहाशे किलोमीटरवरच्या तुझ्यावर आला.

त्या वर्षी अवकाळी पावसानं दारूचा मसाला वाळेना. लग्नांची ऑर्डर डोक्यावर होती, म्हणून मी तो नळ्यांच्या शेडमध्ये ताडपत्रीवर पसरला होता. बायांच्या पाठीमागे. तू त्यावरूनच भांडलीस. मी म्हणालो होतो, याच दारूवर शिकलीस. अब्बा काल म्हणाले, "ती भांडली अन् गेली. मी भांडलो असतो तर तू ऐकलं नसतंस. तुझ्या अम्माच्या, नसीमच्या जागेवर तू दारू वाळवत होतास, अबू. मला दुसरं काही सुचलं नाही." मी विचारलं, मग इतकी वर्षं मला का नाही सांगितलं? ते म्हणाले, "तू विचारलं नाहीस. तुला माहीत होतं ना."

मी ताटावरून उठलो. दारापर्यंत गेलो, आणि आठवलं की असंच कोणीतरी आधी उठून गेलं होतं. परत येऊन बसलो आणि उरलेलं जेवलो. चव काही लागली नाही.

सहीबद्दल त्यांचं म्हणणं एवढंच आहे: अनिसा येऊन शेड बघेल, दारूची खोली कुठं हवी ते ती सांगेल, आणि ती हो म्हणाली तरच सही. मी म्हणालो, तिला बोलावणं मला जमणार नाही. ते म्हणाले, मग बघू.

आता तू म्हणशील, भाईजानला सही हवी म्हणून गोड पत्र आलं. तुझ्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. म्हणून या पत्रात मी तुला बोलावत नाही.

अबुजर


तेरखेडा,
२६ सप्टेंबर

अन्नू, सलाम आणि दुआ.

इकडे पावसानं थैमान घातलंय. परांडा-भूमकडे गावंच्या गावं पाण्यात आहेत. आपल्याकडे जीव सगळ्यांचे सुखरूप आहेत, पण वाळवणीवरच्या नळ्या भिजून लगदा झाल्या. त्या आता बाया नव्यानं वळताहेत.

आधी हे सांगतो. दारूची खोली मी रिकामी केली. सगळा मसाला रीतसर परत दिला. सहीचे कागद पेटीत ठेवून दिले. यंदा आपण काही भरणार नाही, नुसत्या नळ्या वळून बाकीच्या कारखान्यांना देणार. दिवाळीची गिऱ्हाइकं गेली. बायांचं काम मात्र गेलं नाही, त्यासाठी मला चार ठिकाणी जाऊन हात जोडावे लागले. वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, रडलो. पण आता तू आलीस तर सहीसाठी बोलावलं, असं कोणी म्हणू शकणार नाही. तूही नाही, मीही नाही. माझ्यासारख्या माणसाला एवढी सोय करूनच बोलावता येतं.

आता दुसरं. तू जास्मिनला लिहिलंस, की सगळे शेवट शोधलेस, फक्त विहिरीच्या गोष्टीचा शोधलाच नाहीस, कारण अम्मानं नको म्हटलं होतं. जास्मिननं ते मोठ्यानं वाचलं. अब्बा उठले, त्यांच्या पत्र्याच्या पेटीतून त्यांनी एक नळी काढून आणली. पिवळी पडलेली, लाकडासारखी कडक, दोन्ही तोंडं कागदानं बंद केलेली. मला वाटलं जुना बॉम्ब आहे आणि मी ओरडलोच, "खाली ठेवा!"

"दारू नाही यात," ते म्हणाले. "पान आहे. हे एकच मी फोडू दिलं नाही."

मंगळावरच्या विहिरीचं शेवटचं पान, तीन चांदण्यांचं. अम्मा गेल्यावर त्यांनी फाडलेलं ते पहिलं पान. स्वतःच्या हातानं त्याची नळी वळली आणि इतकी वर्षं पेटीत जपली.

जास्मिन लगेच कोमट पाणी घेऊन आली, खळ सुटेल म्हणून. गजराबाई म्हणाली, "बघा तरी काय झालं त्या बिचाऱ्यांचं." अब्बांनी नळी माझ्या हातात दिली. अन्नू, मला फार वाटलं की उघडावी. विहिरीतला तो आवाज कसला होता, हे मी रोज खळ ढवळताना मनात धरून आहे. पण मी पाण्याचं भांडं बाजूला सारलं. मी म्हणालो, वाचणारी ती आहे. ती आली की.

तू म्हणशील, पोस्टानं पाठवा. पोस्टावर माझा भरवसा नाही. गोरोबा माणूस चांगला आहे, पण पाकीट कुणाचं, कुठून आलं, हे तो चहाबरोबर सगळ्या गावाला सांगतो. कुरिअरवर तर अजिबात नाही. आणि खरं सांगू, तुझ्यावरही नाही. तिकडे एकटीनं उघडून वाचशील, लहानपणापासून तुझी ती सवय आहे असं मला वाटत आलंय. म्हणून नळी मी माझ्या उशाखाली ठेवलीय आणि ती कुणालाही देणार नाही.

पाऊस थांबला की ये. सोलापूरला उतर, मी गाडी घेऊन येतो. नळ्यांच्या शेडमध्ये टोपली पालथी घालून ठेवलीय, तुझं वजन आता तिला पेलेल की नाही ते मात्र माहीत नाही. अम्माच्या जागेवर कोणी बसत नाही, ती मोकळी असेल. अब्बा दारात उभे राहतील. काही झालं तरी ते मधे बोलणार नाहीत, तसं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.

तू वाच. ते परत आले तर आले, नाही आले तर नाही आले. नंतर आपण सगळे बसून भाकरी खाऊ.

तुझा भाईजान,
अबुजर